एका खटक्याचा हट्ट

लिनक्स कर्नल किंवा यू-बूट हा बूटलोडर स्वतः बांधायला बसलेल्या माणसाकडून यूएसबीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. यूएसबी १९९६ पासून आहे, लहान मूलसुद्धा पेनड्राइव्ह खुपसतं आणि तो चालतो. मग कर्नलचा, बूटलोडरचा, कोअरबूटच्या पेलोडचा मेनू अजून यूएचसीआय हवा का, ओएचसीआय हवा का, ईएचसीआय हवा का, एक्सएचसीआय हवा का, असं का विचारत बसतो? ‘यूएसबी : चालू’ असा एकच खटका ठेवा, खालचं सगळं आपोआप चालू करा आणि लोकांचा वेळ वाचवा. या तक्रारीला हल्ली एक तात्त्विक पुरवणीही जोडली जाते. एक्सएचसीआयने जुने सगळे कंट्रोलर गिळले, आता प्रमाण एकच उरलं, त्यामुळे निवडीचं कारणच संपलं, अशी.

तक्रारीतला वैताग रास्त आहे. ते मेनू वाईट लिहिलेले आहेत, त्यांतल्या मदतीच्या ओळी बहुधा ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच कळतात, आणि ‘खात्री नसेल तर हो म्हणा’ हा सल्ला मदत या सदरात मोडत नाही. मागणी मात्र चुकीची आहे. यंत्राला वीज मिळाल्यापासून लॉगिनचा पडदा दिसेपर्यंत एकाच यूएसबी पोर्टचा ताबा दोन-तीन वेगवेगळ्या प्रोग्रामांच्या हातून जातो, आणि हे प्रोग्राम लिहिणारी माणसं एकमेकांना ओळखतही नसतात. कोणत्या क्षणी पोर्ट कोणाचा, हे त्या मेनूत ठरतं. ज्याला बोर्ड ठाऊक आहे त्यालाच ते ठरवता येतं. खटका ते ठरवू शकत नाही. फार तर तो प्रश्न झाकून ठेवू शकतो.

यूएसबी कंट्रोलरांची ही चार नावं मुळात आली कुठून, ते आधी पाहू, कारण ‘चारही चालू ठेवा’ म्हणणाऱ्यांना ती एकाच वस्तूच्या चार पिढ्या वाटतात. पहिल्या दोन तर समकालीन प्रतिस्पर्धी होत्या. यूएचसीआय इंटेलचा, ओएचसीआय कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमीकंडक्टर यांचा. इंटेलने हार्डवेअर साधं ठेवून कष्ट सॉफ्टवेअरवर टाकले. दुसऱ्या गटाने जास्त काम चिपमध्ये घातलं. दोघेही बोलायचे ते १.५ आणि १२ मेगाबिट या वेगांनीच. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० ने ४८० मेगाबिट आणले आणि त्यासाठी ईएचसीआय आला. खरी गंमत इथून सुरू होते, कारण ईएचसीआयला फक्त वरचाच वेग येतो. कीबोर्ड, माउस ही मंडळी खालच्या वेगाची. त्यांच्यासाठी त्याच चिपमध्ये एक किंवा अधिक जुने कंट्रोलर सोबती म्हणून बसवले गेले. पोर्टात काही खुपसलं की ईएचसीआयचा ड्रायव्हर तारांची स्थिती वाचतो, गरज पडली तर पोर्ट रीसेट करून पाहतो, आणि उपकरण मंद निघालं तर पोर्टच्या रजिस्टरमधला मालकीचा बिट उलटवून पोर्ट सोबत्याच्या हवाली करतो.

आता समजा कोणी कर्नल बांधताना ईएचसीआय ठेवला आणि ‘जुनाट’ म्हणून ओएचसीआय काढून टाकला. पेनड्राइव्ह चालतो. कीबोर्ड मात्र लावताक्षणी नाहीसा होतो, कारण पोर्ट ज्याच्या हवाली झाला त्याला चालवणारा ड्रायव्हरच नाही. कर्नल कुठलीही चूक नोंदवत नाही. नियमाप्रमाणे चूक झालेलीच नसते. मग कोणीतरी तोच कीबोर्ड यूएसबी २.० च्या हबमधून लावून बघतो आणि तो चालतो! हबमध्ये मंद उपकरणांचं बोलणं वरच्या वेगात बदलून देणारा भाग असतो, म्हणून ईएचसीआयला हबच दिसतो आणि पोर्ट कोणाला देण्याची वेळच येत नाही. त्यावर भर म्हणजे इंटेलने पुढच्या काही चिपसेटांत सोबती काढून टाकले आणि चिपच्या पोटातच तसा हब बसवला. परिणामी तेच कॉन्फिगरेशन एका लॅपटॉपवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक.

‘मग सगळेच ड्रायव्हर ठेवा, हा गोंधळच होणार नाही,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. टेबलावरच्या संगणकाच्या कर्नलपुरतं ते बऱ्याच अंशी बरोबर आहे आणि वितरणवाले नेमकं तेच करतात; ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून डिस्कवर पडून राहतात, हार्डवेअर दिसलं तरच स्मृतीत येतात. पण बूटलोडरकडे ती चैन नसते. आणि सगळं असलं म्हणजे सगळं मिटलं, ही समजूत कर्नलच्या बाबतीतही कच्चीच आहे.

विंडोज ७ चं उदाहरण घ्या. ती बाजारात आली ऑक्टोबर २००९ मध्ये, तर चौथ्या नावाची, म्हणजे यूएसबी ३.० सोबत आलेल्या एक्सएचसीआयची, १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली मे २०१० मध्ये. विंडोज ७ च्या मूळ तबकडीत एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नव्हताच. (लिनक्समध्ये सेज शार्प यांनी लिहिलेला ड्रायव्हर सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ आवृत्तीत आला होता, पण तो मुद्दा वेगळा.) काही वर्षं हे खपून गेलं, कारण इंटेलच्या चिपसेटांत दोन्ही कंट्रोलर होते. २०१२ च्या सातव्या मालिकेत तर अशी सोय होती की तोच पोर्ट सॉफ्टवेअरने हवा तर ईएचसीआयला जोडावा, हवा तर एक्सएचसीआयला. बायोसमध्ये त्यासाठी ‘ऑटो’, ‘स्मार्ट ऑटो’ असे पर्याय आले आणि दोन्हींत फरक काय हे विकणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. मग २०१५ मध्ये स्कायलेक प्रोसेसरांबरोबर शंभराच्या मालिकेचे चिपसेट आले आणि त्यांतून ईएचसीआय गेला.

त्यानंतर ज्यांनी नव्या यंत्रावर विंडोज ७ चढवायचा प्रयत्न केला त्यांना एक चमत्कारिक दृश्य दिसलं. पेनड्राइव्हवरून बूट व्यवस्थित सुरू होतो. इन्स्टॉलरची खिडकी उघडते. आणि तिथे कीबोर्ड मेलेला, माउस मेलेला, वर सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही अशी सूचना, तीही सीडीचा मागमूस नसलेल्या यंत्रावर. झालेलं एवढंच की बूटपर्यंत बायोसने स्वतःच्या यूएसबी कोडवर पेनड्राइव्ह वाचला आणि इन्स्टॉलर स्मृतीत आणून ठेवला. विंडोजच्या कर्नलने ताबा घेतला तेव्हा त्याच्याकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नव्हता, म्हणून ज्या पेनड्राइव्हवरून तो स्वतः आला तोही त्याला दिसेना. शेवटी इंटेललाच इन्स्टॉलरच्या प्रतिमेत ड्रायव्हर घुसवून देणारं साधन काढावं लागलं. ज्यांच्या बोर्डावर जुना गोल पीएस/२ जोड होता त्यांचं निभावलं.

खटक्याच्या पुरस्कर्त्यांनी इथे थांबून विचार करावा. या यंत्रांवर ‘यूएसबी : चालू’ होतंच. बायोसमध्ये चालू, विंडोजमध्येही चालू. दोन्हीकडचं ‘चालू’ वेगवेगळ्या कंट्रोलरविषयी होतं आणि मधल्या हस्तांतरणात पोर्ट बेवारस झाला.

हे हस्तांतरण म्हणजे नुसती बोलण्याची रीत नाही. त्यासाठी कंट्रोलरमध्ये खरोखरचं रजिस्टर आहे. यूएसबी कीबोर्ड जुन्या प्रोग्रामांना पीएस/२ सारखा दिसावा म्हणून बायोस एक युक्ती करतो. जुन्या कीबोर्डच्या हेक्साडेसिमल ६० आणि ६४ या पत्त्यांवरचा व्यवहार मधेच अडवला जातो, प्रोसेसर सिस्टिम मॅनेजमेंट मोडमध्ये जातो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ता न लागू देता बायोसचा कोड चालतो. म्हणजे कर्नल सुरू झाला तरी कंट्रोलर अजून बायोसच्याच ताब्यात असू शकतो. ईएचसीआय आणि एक्सएचसीआयमध्ये यासाठी दोन बिट ठेवले आहेत, एक बायोसच्या मालकीचा, एक ऑपरेटिंग सिस्टिमच्या. नवा मालक आपला बिट लावतो आणि जुन्याने आपला काढण्याची वाट पाहतो. जमीन कसणारा बदलला तरी सातबाऱ्यावर फेरफार होईपर्यंत जुनं नाव हलत नाही, तसंच हे. आणि तिथल्यासारखंच इथेही जुना मालक कधी कधी नाव काढतच नाही. ईएचसीआयच्या बाबतीत लिनक्स एक सेकंदापर्यंत थांबतो, मग जबरदस्तीने ताबा घेतो आणि बायोसमध्ये दोष असावा अशी शंका प्रश्नचिन्हासह छापतो. त्या प्रश्नचिन्हात बरीच सभ्यता आहे.

बूटलोडरने कंट्रोलर चालू ठेवून कर्नलला हाक मारली तर काय होतं, हे यू-बूटच्या लेखकांनी फार पूर्वी अनुभवून लिहून ठेवलं आहे. ओएचसीआयला मुख्य स्मृतीत एक छोटा भाग दिलेला असतो आणि चालू असेपर्यंत तो दर मिलिसेकंदाला तिथे चौकटीचा क्रमांक लिहितो, प्रोसेसरला न विचारता. कर्नल स्मृतीत उतरतोय, स्वतःला उलगडतोय, आणि त्याच वेळी कोणीतरी हजारदा प्रतिसेकंद त्याच्या अंगावर एक आकडा उमटवतंय. असा दोष शोधायला आठवडा लागतो, कारण दर वेळी यंत्र नव्या जागी कोसळतं. म्हणून यू-बूट कर्नलकडे उडी मारण्याआधी यूएसबी बंद करतो. ‘चालू करा आणि विसरा’ या घोषणेतला ‘विसरा’ हा शब्द इथे महागात पडतो.

आता ती तात्त्विक पुरवणी : एक्सएचसीआय आल्यावर एकच प्रमाण उरलं. पीसीआय खाचेत बसणाऱ्या कंट्रोलरांपुरतं हे बरंचसं खरं आहे. मात्र एक्सएचसीआय रजिस्टरं आणि स्मृतीतल्या रचना ठरवतो, त्यापलीकडे नाही. कंट्रोलरला घड्याळाचे ठोके कुठून येतात, त्याचा रीसेट कोण सोडतो, तारांवर प्रत्यक्ष विद्युत संकेत पाठवणारा पीएचवाय हा भाग कोणाचा, पोर्टवरचे पाच व्होल्ट कोणत्या पिनने चालू होतात, यातलं काहीही त्या प्रमाणात नाही. एआरएमच्या बोर्डांवर हे सगळं बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर असतं. यू-बूटमध्ये ऑलविनरच्या चिपसाठी तर पोर्टला वीज देणाऱ्या पिनचं नावच कॉन्फिगरेशनमध्ये लिहायचं असतं. ए१० आणि ए२० साठी पहिल्या पोर्टची गृहीत पिन पीएच६. एखाद्या बोर्डवाल्याने ती तार दुसरीकडे नेली असेल तर ड्रायव्हर चोख चालतो, कंट्रोलर जागा होतो, आणि पोर्टात वीजच नसते. कोणता खटका हे ओळखणार?

अनेक चिपांत सिनॉप्सिसचा डीडब्ल्यूसी३ हा गाभा असतो. तो यजमान होऊ शकतो आणि फोनसारखा दुसऱ्याच्या संगणकाला जोडलं जाणारं उपकरणही होऊ शकतो. त्याने काय व्हायचं हे बोर्डाचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमधल्या एका ओळीत लिहितात. ती ओळ उपकरण म्हणत असेल तर तुम्ही एक्सएचसीआय कितीही चालू करा, पेनड्राइव्ह दिसणार नाही. शिवाय त्याला दोन पीएचवाय लागतात, एक दुसऱ्या पिढीचा, एक तिसऱ्या. यातल्या एकाचा ड्रायव्हर बांधायचा राहिला तर लिनक्स तो पुढे-मागे येईल या आशेवर सगळाच कंट्रोलर ताटकळत ठेवतो. निळा, म्हणजे यूएसबी ३.० चा, पोर्ट मंद चालला असता तर निदान कळलं असतं. इथे तो चालतच नाही.

आणि प्रमाणाच्या कैवाऱ्यांनी रास्पबेरी पाय ४ कडे पाहावंच. २०१९ च्या या बोर्डावर यूएसबीसाठी व्हीआयए लॅब्सची व्हीएल८०५ ही चिप पीसीआय एक्सप्रेसवर बसवलेली आहे. पुस्तकात बसणारा, शुद्ध एक्सएचसीआय कंट्रोलर. पण तिला चालायला स्वतःचं फर्मवेअर लागतं. सुरुवातीच्या बोर्डांवर ते शेजारच्या छोट्या स्मृतीचिपमध्ये असायचं. पुढे ती चिप वाचवली गेली आणि फर्मवेअर भरण्याचं काम व्हिडिओकोअर या ग्राफिक्सच्या भागाकडे गेलं. त्यामुळे बूटलोडरने किंवा कर्नलने पीसीआय रीसेट केला की व्हीएल८०५ आपलं फर्मवेअर विसरते, आणि ते पुन्हा भर असा निरोप व्हिडिओकोअरला टपालपेटीतून पाठवावा लागतो. हा निरोप एक्सएचसीआयच्या कुठल्याही पानावर नाही. २०२० मध्ये तो लिनक्स आणि यू-बूट दोन्हींत वेगळा लिहावा लागला. रेनेसासच्या काही कंट्रोलरांचीही हीच कथा. शेजारी रॉम नसेल तर ड्रायव्हरने फर्मवेअर भरायचं.

कंट्रोलर बोलू लागला तरी काम संपत नाही. यू-बूटमध्ये कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा, साठवणीचा वेगळा, कीबोर्डचा वेगळा. टियानोकोअर या फर्मवेअरमध्येही कंट्रोलर, बस, कीबोर्ड, साठवण असे स्वतंत्र तुकडे प्रतिमेत घालावे लागतात. यू-बूटची तर एक खास खोड आहे : कीबोर्ड सापडतो, यादीत दिसतो, आणि टाइप केलेलं एक अक्षर उमटत नाही, कारण इनपुट कुठून घ्यायचं हे सांगणाऱ्या चलात अजून फक्त सीरियलचं नाव आहे.

‘तरी सगळं घातलं तर बिघडतं काय?’ पहिलं, वेळ. यूएसबी २.० च्या नियमाने उपकरण जोडलं गेल्यावर जोड स्थिर होण्यासाठी किमान १०० मिलिसेकंद थांबायचं, मूळ पोर्टवरचा रीसेट ५० मिलिसेकंद, वर सावरायला १० मिलिसेकंद. हब असेल तर त्याची वीज स्थिरावण्याची मुदत वेगळी, त्याच्या प्रत्येक पोर्टला हाच क्रम, आणि फिरती डिस्क असेल तर ती गती घेईपर्यंत काही सेकंद. कर्नल ही कामं पाठीमागे ठेवून पुढे जातो. बूटलोडर बहुतांशी एकमार्गी असतो. तो ताटकळला की सगळं यंत्र ताटकळतं. गाडीच्या मागचा कॅमेरा किल्ली फिरवताच दिसायला हवा, आणि तिथला बूटलोडर कोणी पेनड्राइव्ह लावला आहे का हे शोधत बसला, तर ती सोय कोणासाठी?

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. यजमानाचा कोड समोरच्या उपकरणाने पाठवलेली वर्णनं वाचतो, आणि त्या वर्णनांची लांबी किती हेही तेच उपकरण सांगतं. २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ फुटला तो याच वाटेने. एक छोटी यूएसबी काडी स्वतः हब असल्याचं सोंग घ्यायची, त्या हबमध्ये खोटी उपकरणं लावल्या-काढल्याचा देखावा करायची, आणि वेडीवाकडी वर्णनं पाठवून सोनीच्या यजमान-कोडची स्मृती उलथवायची. सोनीने किल्ल्या, सह्या, कूटलेखन असा सगळा बंदोबस्त केला होता. गूगलच्या सिझकॉलर या साधनाने लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांना खोटी वर्णनं भरवली तेव्हाही दोषांची रांग लागली, आणि तो कोड असंख्य डोळ्यांखालून गेलेला. बूटलोडरमधला यूएसबी कोड त्या मानाने फार कमी वाचला जातो, आणि तो चालतो तेव्हा यंत्रात त्याच्यावर नजर ठेवणारं दुसरं कोणी नसतं. सही तपासून बूट होणाऱ्या, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या तिकीट यंत्रात हा कोड ‘असू दे’ म्हणून ठेवणं याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

याच्या उलट टोकाला जाऊन ‘मग बूटलोडरमधून यूएसबी हद्दपारच करा’ म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी भांडण थोडक्यात आटपतं. रास्पबेरी पाय ३ बी वर तारेचं इथरनेट यूएसबीच्या पाठीमागे बसलेलं आहे. यूएसबी काढा आणि नेटवर्कवरून बूट करायचा विचारही सोडा. हीच कात्री पुढे कर्नलच्या टप्प्यात लावली तरी तेच : ज्याची डिस्क कूटबद्ध आहे त्याला सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्ये कंट्रोलर आणि कीबोर्ड दोन्हींचे ड्रायव्हर हवेत, नाहीतर पासवर्ड विचारणारा पडदा समोर येईल आणि उत्तर देता येणार नाही.

मेनू सुधारायलाच हवेत, पण कसे, याचा नमुना लिनक्समध्येच आहे. वर सांगितलेल्या सातव्या मालिकेच्या चिपसेटांवर कर्नल सुरुवातीलाच पोर्ट ईएचसीआयकडून एक्सएचसीआयकडे वळवतो. पण आधी तो पाहतो की बांधणाऱ्याने एक्सएचसीआय बंद तर ठेवलेला नाही ना. ठेवला असेल तर पोर्ट ईएचसीआयकडेच ठेवतो आणि सांगतो की तुम्ही अमुक पर्याय बंद केला आहे, म्हणून यूएसबी ३.० ची उपकरणं २.० च्या वेगाने चालतील. निवड बांधणाऱ्याचीच राहते, पोर्ट जिवंत राहतो, आणि काय गमावलं ते बूटच्या नोंदीत दिसतं. असं बाकी ठिकाणी का नाही? ईएचसीआयने पोर्ट सोबत्याला दिला आणि सोबत्याचा ड्रायव्हरच बांधलेला नाही, तर तसं छापावं. यू-बूटला कीबोर्ड सापडला आणि इनपुटच्या यादीत त्याचं नाव नाही, तर तेही छापावं. पीएचवायच्या नावाने कंट्रोलर अडून बसला असेल तर कोणत्या पीएचवायसाठी, ते साध्या वापरकर्त्याच्याही नजरेस पडावं. खटका मागणाऱ्यांनी यातला एखादा पॅच पाठवावा; बहुतेक दहा-वीस ओळींच्या आत बसतील.